फुकटची कबुली

रविवारी दुपारी आईच्या घरी सगळ्यांना बोलावणं आलं की निर्णय आधीच झालेला असतो आणि आता तो फक्त सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा असतो, हे या घरातल्या सुना पहिल्या वर्षातच शिकत. या वेळचा निर्णय धाकटीच्या नोकरीचा होता. तो थोरल्याने घेतला होता, आईने त्यावर मान डोलावली होती, आणि जिच्या नोकरीचा प्रश्न होता ती धाकटी सून स्वयंपाकघरात कप विसळत होती.

थोरला विमा कंपनीत होता. जळालेली दुकानं आणि ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे जगातलं प्रत्येक भांडण शेवटी तडजोडीवर येतं, मग उशिरा कशाला यावं, असं त्याचं मत होतं. घरात त्याला वकीलसाहेब म्हणत. बाबा गेल्यापासून टेबलाच्या टोकाची खुर्ची त्याचीच होती. ती त्याने पुढे ओढली आणि हाक मारली.

"बाहेर ये जरा. कप काय पळून जात नाहीत."

धाकटी हात पुसत आली आणि नवऱ्याशेजारी बसली. तिचा नवरा, म्हणजे धाकटा, लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या पोटात एकटा काम करून त्याची बोलायची सवय मोडली होती. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीवर एका पँटची शिवण उसवत होती. तिचं कपडे अल्टर करण्याचं दुकान होतं, आणि कुठेही गेली तरी गिऱ्हाइकाचं काहीतरी पिशवीत असायचंच.

"मी तलावाच्या मॅनेजरशी बोललोय," थोरला म्हणाला. "माणूस चांगला आहे. तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही. उद्या त्यांच्या समितीपुढे जायचं, जे त्या दिवशी म्हणालीस तेच परत म्हणायचं, की चुकलं. मुलीच्या आईचं समाधान होईल. तुला तिकीट खिडकीवर घेतील. चौकशी नाही, काही नाही. विषय संपला."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात नाही. तेवढं सोडावं लागेल."

"कायमचं?"

"मुलांबरोबर काम करायला अयोग्य अशी नोंद एकदा झाली की..." थोरल्याने हात हवेत फिरवला. "पण नोकरी राहते ना. ते महत्त्वाचं."

धाकटी मुलांना पोहायला शिकवायची. दुसरं कुठलंही काम तिने कधी केलं नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, की सकाळी उजाडायच्या आत ती घराबाहेर पडणार आणि केस ओले असतानाच परत येणार, त्यावर कुणी बोलायचं नाही. तिकीट खिडकी ही तलावाच्या इमारतीतच होती, पण तिथून पाणी दिसत नसे.

झालं होतं ते असं. लहान मुलांच्या वर्गात एक घाबरट मुलगी होती. ती उथळ बाजूची दोरी सोडून नकळत खोल पाण्यात आली, पायाखाली काही लागेना म्हणून बिथरली आणि धाकटीच्या गळ्याला दोन्ही हातांनी विळखा घालून बसली. असा विळखा बसला की दोघंही बुडतात. त्यावर एकच उपाय शिकवतात. वर झगडायचं नाही, त्या माणसासकट खाली जायचं. पाण्याखाली गेला की घाबरलेला माणूस विळखा सोडतो, कारण त्याला वर यायचं असतं. धाकटी खाली गेली, मुलीने हात सोडले, धाकटीने तिला काखेत धरून काठावर बसवलं. मुलगी खोकली, रडली आणि टॉवेल मागू लागली.

पण वरच्या गॅलरीत काचेमागे पालक बसतात, आणि मुलीच्या आईने तिथून जे पाहिलं ते एवढंच, की मास्तरीणबाईंनी आपल्या मुलीला पाण्याखाली नेलं. ती जिना उतरून धावत आली. "माझ्या पोरीला बुडवत होती!" ती ओरडत होती. मॅनेजर बाहेर आला, माणसं जमली. आणि त्या सगळ्या गोंधळात धाकटी त्या बाईचा हात धरून म्हणाली, "चुकलं माझं. शांत व्हा. चुकलं."

मॅनेजरने हे ऐकलं आणि तसंच कळवलं. शिक्षिकेने चूक कबूल केली.

हे शब्द तिच्या तोंडात इतक्या पटकन कसे आले, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ते या घरातून आले होते. बाबा तापट, बाबांचा धाकटा भाऊ त्यांच्याहून तापट, आणि घर एवढंसं. तेव्हा आईने एक रीत घातली. आवाज चढले की कुणीतरी "चुकलं माझं" म्हणायचं आणि विषय मिटवायचा. खरंच कुणाचं चुकलं, हे विचारायचं नाही. म्हणायला काय पैसे पडतात? कुणीतरी म्हणायचं म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत नव्या बाईने म्हणायचं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. धाकटीला सुरुवातीला याची गंमत वाटायची. एकदा लाइट गेली तेव्हाही ती चुकलं म्हणाली होती आणि सगळे हसले होते. पुढे पुढे ते शिंकल्यासारखं आपोआप व्हायला लागलं.

"मी काही केलेलं नाही, दादा," धाकटी म्हणाली.

"मान्य. पण मग म्हणालीस का तसं? उद्या समिती हेच विचारणार. काही केलं नव्हतं तर माफी कशाची मागितली? याला उत्तर आहे तुझ्याकडे?"

धाकटीने सासूकडे पाहिलं. सासू टेबलावरचे चहाचे थेंब बोटाने पुसत होती.

"उगाच ताणू नये," आई म्हणाली. "दादा म्हणतो ते कर. आपण लहान झालो तर काय बिघडलं? वादळात मोठी झाडंच पडतात, लव्हाळी राहतात."

"आई, लव्हाळी तिकिटं फाडत नाहीत," धाकटी म्हणाली, आणि या घरात तिने सासूला दिलेलं हे पहिलंच उलट उत्तर असल्यामुळे ती स्वतःच दचकली.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. "तू बोल काहीतरी. बायको तुझी आहे."

धाकट्याला मनातून तडजोड हवी होती. गेले काही दिवस धाकटी रात्रभर कूस बदलत होती, आणि तिकीट खिडकीवर तरी झोप लागेल, असा साधा हिशोब त्याने केला होता. "दादा म्हणतो त्यात तथ्य आहे," तो म्हणाला. "थोडे दिवस खिडकी. मग बघू."

"मग बघायला काही राहत नाही," धाकटी म्हणाली. "नोंद झाली की कुठलाच तलाव मला घेणार नाही. तुला हे माहीत आहे."

त्याला हे खरंच माहीत होतं.

कोपऱ्यात शिवण उसवायचा आवाज थांबला. थोरली या घरात बोलत नसे. ती आली तेव्हापासून तिच्यावर एक डाग होता आणि त्या डागामुळे तिचं मत कुणी विचारत नसे. बाबांचा भाऊ, म्हणजे काका, नोकरी गेल्यावर काही महिने इथे येऊन राहिले होते. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या बंद दारामागून त्यांनी ऐकलं, "हे घर आहे, धर्मशाळा नाही." आत सासू आणि नवी सून, दोघीच होत्या. काका त्याच संध्याकाळी बॅग घेऊन निघून गेले ते पुन्हा आले नाहीत, भावाच्या मयतालासुद्धा नाहीत. हे थोरलीने केलं, असं सगळ्यांना माहीत होतं. तिने स्वतःच तसं कबूल केलं होतं.

"काका कोणामुळे गेले?" थोरलीने विचारलं.

"आता ते कशाला मध्येच?" थोरला म्हणाला.

"सांगा ना. कोणामुळे?"

"तुझ्यामुळे. सगळ्यांना माहीत आहे. जुनं झालं, आम्ही काय रोज बोलून दाखवतो का?"

"रोज नाही. भांडण झालं की." तिने पँटची घडी घातली. "सगळ्यांना माहीत आहे, कारण मी चुकलं म्हणाले. बाबांनी बाहेर येऊन विचारलं, कोण बोललं? आणि मी चुकलं म्हणाले. महिनाभरापूर्वीच शिकले होते, नवी नवी."

थोरल्याला हे वाक्य एखाद्या न पटणाऱ्या क्लेमसारखं वाटलं. सगळे कागद बरोबर, पण कुठेतरी काहीतरी जुळत नाही. त्याने आईकडे बघायचं टाळलं.

"मला आता त्याचं काही नको," थोरली पुढे म्हणाली. "माझं झालं. माझ्या मुलीसुद्धा मला म्हणतात, आई, तू काकाआजोबांना घालवलंस. पण हिने उद्या परत तेच म्हटलं, तर हिच्या नातवंडांनाही तेच माहीत होईल. म्हणतील, आमच्या आजीने एका पोरीला बुडवलं होतं. एकदा म्हटलेलं निघत नाही हो. मी उसवण्याचाच धंदा करते, मला कळतं."

"पुरे," आई म्हणाली. "जुनं उकरून कुणाचं पोट भरत नाही."

धाकटा खिडकीबाहेर बघत होता. काका गेले त्या संध्याकाळी तो याच टेबलावर शाळेचा अभ्यास करत होता. दारामागचा तो आवाज त्याने ऐकला होता, आणि आईचा आवाज ओळखण्याइतका तो मोठा होता. त्याला वाटलं होतं, मोठ्यांचं मोठे बघतील. मोठ्यांनी बघितलं ते असं. त्याने एकदा वहिनीकडे पाहिलं. शेवटी तो भावाकडे वळला.

"तिकीट खिडकी नको," तो म्हणाला.

"आता तूही?"

"ती म्हणते तिने केलं नाही. मग तिने तेच सांगावं."

"अरे पण माफी मागितल्याचं काय? समितीतली माणसं काय दूधखुळी आहेत? कोण विश्वास ठेवणार की आमच्या घरात न केलेल्या गोष्टींची माफी मागतात म्हणून?"

"घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं तर ठेवतील," थोरली म्हणाली.

यावर सगळ्यांची नजर आईच्या खुर्चीकडे गेली. आई उठली आणि टेबल पुसायला लागली, जे आधीच पुसून झालं होतं.

"चार लोकांत जाऊन घरातलं सांगायची आपली पद्धत नाही," ती म्हणाली. "मी येणार नाही. मला कुणी सांगू नये."

ती आत गेली. एरवी अशा वेळी कुणीतरी ते दोन शब्द म्हणायचं, मग चहा व्हायचा, मग थोरला काहीतरी विनोद करायचा. थोरल्याने सवयीने आधी धाकटीकडे आणि मग थोरलीकडे पाहिलं. धाकटी नखाकडे बघत होती, थोरली सुईत दोरा ओवत होती. कुणीच काही म्हणालं नाही. मग एकेक जण आपापल्या चपला शोधायला लागला, आणि भांडण टेबलावर तसंच पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर आई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिने चांगले कपडे घातले होते आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. रात्री तिने काय विचार केला, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. थोरलीला बघून ती बाकावर थोडी सरकली. थोरली बसली.

आतली खोली लहान होती आणि क्लोरिनच्या वासाने भरलेली होती. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तरीण होत्या. आयुष्यभर मुलांची खोटी कारणं ऐकल्यामुळे त्यांना आता खऱ्या कारणांचाही कंटाळा आला होता. त्यांच्या एका बाजूला मॅनेजर आणि दुसऱ्या बाजूला मुलीची आई बसली होती. बाई तरुण होती, नीटनेटकी होती आणि अजिबात दुष्ट दिसत नव्हती. धाकटीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

धाकटीने विळखा सोडवायची पद्धत समजावून सांगितली. मॅनेजरने मान हलवली, होय, असंच शिकवतात. मुलीची आई हे सगळं ऐकत होती. मग तिने सरळ धाकटीला विचारलं.

"मग हे तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलं? मी विचारत होते ना, काय करत होतात? तुम्ही म्हणालात, चुकलं. चूक नसती तर कोण म्हणेल? मी पण आई आहे, मला काय समजायचं?"

धाकटीने सासूकडे पाहिलं. याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिचं एकटीचं नव्हतं.

"आमच्या घरात सांगत नाहीत," आई म्हणाली. ती दाराजवळच्या खुर्चीवर होती. "आमच्या घरात चुकलं म्हणतात. केलं असो नसो. मीच लावलंय ते वळण. ती आली तेव्हा तिला बोलता यायचं चांगलं. मी मोडलं."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजी, रागावू नका. पण सून अडचणीत आली की सासू असं काहीही सांगेल. एखादं उदाहरण आहे का?"

धाकट्याला वाटलं, आता ती लाइट गेल्याची गोष्ट सांगेल. ती गोष्ट हसवणारी होती आणि कामापुरती पुरलीही असती. थोरल्यालाही तेच वाटलं, आणि ते व्हावं असंही वाटलं.

आईने पर्सची चेन उघडली आणि लावली.

"माझा दीर होता," ती म्हणाली. "आमच्याकडे राहायला आला होता, वाईट दिवसांत. मी त्याला घालवलं. म्हणाले, ही धर्मशाळा नाही. मीच म्हणाले. दाराआडून." तिचा आवाज सपाट होता, भाजीचे भाव सांगावेत तसा. "नवऱ्याने विचारलं तेव्हा मी माझ्या या सुनेकडे पाहिलं. नवीनच होती. ती चुकलं म्हणाली. मी राहू दिलं. नवरा गेला तरी राहू दिलं. दीर येईना, तरी राहू दिलं. अजून सगळे तिलाच बोलतात. आज पहिल्यांदा सांगतेय. हे उदाहरण पुरेल का?"

पंखा फिरत होता. मॅनेजरने उगाच घड्याळाकडे पाहिलं. थोरल्याचा चेहरा लाल झाला होता. भांडणात बायकोला काकांवरून टोमणा मारणं हे त्याचं हमखास शेवटचं वाक्य होतं, आणि ते त्याने किती वेळा वापरलं होतं, हे त्याला आठवायचं नव्हतं तरी आठवत होतं.

"पुरेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "जरा बाहेर बसा."

बाहेर बाकावर कुणी बसलं नाही. थोरला पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभा राहिला आणि ग्लास भरून न पिता तसाच धरून राहिला. आई थोरलीजवळ गेली.

"तू एवढी वर्षं गप्प का राहिलीस गं?" तिने विचारलं. तिच्या विचारण्यात खरोखरच कुतूहल होतं.

"तुम्ही कधी बोलताय, ते बघत होते," थोरली म्हणाली.

आईने मान हलवली. थोरली तिला "जाऊ दे आई" असं काहीतरी म्हणेल, म्हणून ती थोडा वेळ तिथेच थांबली. थोरली म्हणाली नाही. तिला राग येत होता, आता कुठे नीट येत होता, आणि तो लगेच सोडून द्यायची तिची तयारी नव्हती. धाकट्याने पुढे होऊन आईला बाकावर बसवलं.

थोड्या वेळाने त्यांना आत बोलावलं. अध्यक्षबाईंनी फार लांबण लावली नाही. त्या दिवशीचे शब्द कबुली म्हणून धरता येणार नाहीत. वाचवण्याची पद्धत योग्य होती. तक्रारीत तथ्य आढळत नाही. शिक्षिकेने उद्यापासून पाण्यात उतरायला हरकत नाही.

"मग माझी मुलगी येणार नाही," मुलीची आई उठत म्हणाली. ती ओरडली नाही. "तुमची पद्धत बरोबर असेल. मला त्या काचेतून जे दिसलं ते रोज डोळ्यांसमोर येतं. मी तिला परत तुमच्या हातात नाही देऊ शकत. तुम्ही त्या दिवशी ज्या तोंडाने चुकलं म्हणालात, त्याच तोंडाने आज नाही म्हणताय. यातलं कुठलं खरं धरू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकटीचा हात आपोआप तिच्या हाताकडे निघाला. ते दोन शब्द जिभेवर आलेच होते. एकदा म्हटलं असतं, हळूच, या बाईपुरतं, तर ती शांत झाली असती. कदाचित मुलगीही परत आली असती. मुलगी नुकतीच पाठीवर तरंगायला लागली होती, आणि आता सोडलं तर ती आयुष्यभर पाण्याला घाबरणार, हे धाकटीला पक्कं माहीत होतं. घरची चारही माणसं तिच्याकडे बघत होती.

धाकटीने हात मागे घेतला.

"आजचं खरं धरा," ती म्हणाली. "तिला दुसऱ्या कुणाकडे तरी घाला. पण सोडू नका. तिला तरंगता येतंय."

बाईने पर्स उचलली, अध्यक्षबाईंना नमस्कार केला आणि ती दार ओढून घेऊन निघून गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. धाकटी दाराकडे बघत तशीच उभी होती. तिची नोकरी वाचली होती. तिला आनंद झाला नाही, पण तिला खोटं बोलावं लागलं नव्हतं, आणि ती त्या बाईच्या मागे धावत गेली नाही.